गोदामातील फोर्कलिफ्ट सुरक्षितपणे चालवणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भिवंडीजवळच्या माणकोली, पूर्णा, दापोडे या पट्ट्यातील आणि पुढे चाकण-तळेगावच्या गोदामांतील फोर्कलिफ्ट चालकांना व त्यांच्या सुपरवायझरना मी गेली बरीच वर्षे प्रशिक्षण देत आलो आहे. वर्गात, प्रत्यक्ष फरशीवर आणि चहाच्या सुट्टीत जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे एकत्र लिहिली आहेत. येथे फोर्कलिफ्ट म्हणजे मुख्यतः मागे काउंटरवेट (मालाचा तोल सांभाळणारे जड वजन) असलेले आणि चालक बसून चालवतो ते यंत्र समजावे. इतर यंत्रांचा नियम जेथे वेगळा आहे, तेथे तसे सांगितले आहे. आपल्या यंत्राची उत्पादकाने दिलेली पुस्तिका आधी वाचावी आणि नंतर या पानाकडे वळावे.

मी दहा वर्षे कार आणि टेम्पो चालवतो आहे. मग फोर्कलिफ्टसाठी वेगळे प्रशिक्षण कशाला?

गाडी चालवण्याचा अनुभव उपयोगी पडतो, पण सुरुवातीच्या काही आठवड्यांत तोच अनुभव घातही करतो, कारण हात आणि डोळे कारच्या सवयीने चालत असतात. कारची पुढची चाके वळतात, फोर्कलिफ्टची मागची. स्टिअरिंग डावीकडे फिरवले की पुढचा भाग डावीकडे जातो आणि मागचा जड भाग त्याच क्षणी उजवीकडे झपकन बाहेर पडतो. नवशिक्या चालकाची नजर समोरच्या मालावर खिळलेली असते, त्यामुळे मागे उभा असलेला हेल्पर, रॅकचा खांब किंवा आग विझवण्याच्या पाण्याचा पाइप त्याच्या लक्षातच येत नाही.

वजनाचाही फरक मोठा आहे. अडीच टन माल उचलणारी फोर्कलिफ्ट स्वतः साधारणपणे साडेतीन ते चार टनांची असते, म्हणजे तीन लहान मोटारींहून जड. चाकाखाली पाय सापडला तर तो नुसता मुरगळत नाही. याशिवाय बहुतेक फोर्कलिफ्टना ब्रेक पुढच्या चाकांना असतात, आणि यंत्र रिकामे असताना त्याचे अधिक वजन मागच्या चाकांवर असते. रिकामी गाडी लवकर थांबेल असे कोणालाही वाटेल, पण ओलसर फरशीवर रिकामी फोर्कलिफ्ट अंदाजापेक्षा लांब घसरत जाते. याउलट पूर्ण भार उचलल्यावर मागच्या चाकांवर इतके थोडे वजन उरते की स्टिअरिंग हाताला हलके लागू लागते. हा हलकेपणा सोयीचा मानू नये. पुढे तोल जाण्याची सीमा जवळ आल्याची ती खूण असते.

म्हणून वर्गातील माहिती, मोकळ्या जागेतील सराव आणि ज्या गोदामात काम करायचे त्याच गोदामात, त्याच यंत्रावर जाणत्या चालकाच्या नजरेखाली केलेले काम, या तिन्ही गोष्टी झाल्याशिवाय चावी हातात देऊ नये. रिच ट्रक (अरुंद गल्लीत उंच रॅकवर माल ठेवणारे यंत्र), स्टॅकर (माल उचलून रचणारे छोटे यंत्र) आणि बसून चालवायची फोर्कलिफ्ट ही निरनिराळी यंत्रे आहेत. एक येते म्हणून दुसरे येते असे धरून चालू नये.

फोर्कलिफ्ट चालवायला आरटीओचा परवाना लागतो का?

१९८८ च्या मोटार वाहन अधिनियमात, कलम २ च्या पोटकलम २८ मध्ये, मोटार वाहनाची जी व्याख्या दिली आहे तिच्यातून केवळ कारखान्यात किंवा इतर बंदिस्त आवारात वापरण्यासाठी बनवलेली विशेष प्रकारची वाहने वगळली आहेत. त्यामुळे गोदामाच्या आवारातच राहणारी फोर्कलिफ्ट या व्याख्येबाहेर राहते. तरीही अनेक कंपन्या चालकाकडे हलक्या वाहनाचा परवाना असावा अशी अट घालतात आणि ती मला योग्य वाटते. मात्र ‘समोरच्याच गोदामात तर जायचे आहे’ म्हणून फोर्कलिफ्ट फाटकाबाहेर सार्वजनिक रस्त्यावर काढली की नोंदणी, विमा आणि परवाना हे सगळे प्रश्न एकदम उभे राहतात. असे करू नये.

परवाना लागत नाही याचा अर्थ प्रशिक्षण लागत नाही असा कोणी काढू नये. चालकाचे वय १८ पूर्ण असावे, दृष्टी आणि श्रवण तपासलेले असावे, आणि मालकाने त्याला नावानिशी लेखी अधिकारपत्र दिलेले असावे.

यंत्रावर २ टन लिहिले आहे. म्हणजे दोन टन कधीही उचलता येतात ना?

नाही. हा गैरसमज इतका सर्रास आढळतो की या उत्तराला थोडी जास्त जागा देतो. काउंटरवेटची फोर्कलिफ्ट सी-सॉसारखी असते. पुढचा आस हा तिचा टेकू, एका बाजूला माल आणि दुसऱ्या बाजूला यंत्राचे वजन. टेकूपासून माल जितका लांब, तितका त्याचा जोर जास्त. म्हणून कॅपॅसिटी प्लेटवर (यंत्राची क्षमता छापलेल्या पट्टीवर) वजनाबरोबर अंतरही छापलेले असते, आणि त्याला लोड सेंटर म्हणतात. लहान व मध्यम यंत्रांसाठी ते बहुधा ५०० मिमी असते, म्हणजे फोर्कच्या (माल उचलणाऱ्या पुढच्या लोखंडी दात्यांच्या) उभ्या भागापासून मालाचा मध्य ५०० मिमीवर असेल तरच दोन टन.

आता नेहमीचे १२०० बाय १००० मिमीचे पॅलेट, म्हणजे ज्यावर माल रचतात ती फळ्यांची चौकट, घ्या. फोर्क १००० मिमीच्या दिशेने आत घातले तर सारख्या रचलेल्या मालाचा मध्य ५०० मिमीवर येतो. तेच पॅलेट दुसऱ्या बाजूने, १२०० मिमीच्या दिशेने उचलले तर मध्य ६०० मिमीवर जातो. पुढच्या आसापासून फोर्कच्या उभ्या भागापर्यंतचे अंतर उदाहरणादाखल ४५० मिमी धरले, तर २००० किलो गुणिले ९५० भागिले १०५० असा हिशेब येतो आणि क्षमता सुमारे १८१० किलोवर उतरते. माल तोच, पॅलेट तेच, फक्त उचलण्याची बाजू बदलली आणि जवळपास १९० किलोंची क्षमता गेली. पॅलेट फोर्कच्या टाचेपर्यंत, म्हणजे फोर्क काटकोनात वळतो तेथपर्यंत, न भिडवता मध्ये वीतभर जागा सोडली, तर हे नुकसान आणखी वाढते.

हा हिशेब केवळ कल्पना यावी म्हणून दिला आहे. प्रत्यक्षात यंत्रावरच्या प्लेटवरील आकडाच मानावा, कारण उंची वाढली की क्षमता आणखी घटते, आणि साइड शिफ्टर (फोर्क डावी-उजवीकडे सरकवणारा), ड्रम क्लॅम्प (ड्रम पकडणारा) असे काही पुढे जोडले असेल तर त्याचे वजन व जाडीही वजा होते. जोडणी बदलली की प्लेटही बदलली पाहिजे. प्लेट रंगाखाली बुजली असेल किंवा वाचता येत नसेल, तर ते यंत्र कामावर घेऊ नये. मागच्या बाजूला दोन माणसे उभी करून काउंटरवेट ‘वाढवण्याचा’ प्रकार मी डोळ्यांनी पाहिला आहे. त्यात माल पडण्याचा धोका कमी होत नाही, उलट दोन माणसे धोक्यात येतात.

भार नसताना तरी फोर्कलिफ्ट उलटणार नाही ना?

रिकामी फोर्कलिफ्ट बाजूला उलटण्याचा धोका मोठा असतो, आणि हे ऐकून जुने चालकही चकित होतात. वर्गात मी फरशीवर खडूने एक त्रिकोण काढतो. पुढच्या दोन चाकांखाली दोन टोके आणि मागच्या आसाच्या बरोबर मध्यावर तिसरे. मागे दोन चाके दिसत असली तरी मागचा आस मध्यभागी एका खिळीवर डुलतो, म्हणून यंत्र उभे असते ते तीन बिंदूंवरच. संपूर्ण यंत्राचा आणि मालाचा मिळून जो गुरुत्वमध्य होतो, तो या त्रिकोणाच्या आत असेपर्यंत यंत्र उभे राहते. मग मी त्रिकोणात खडूचा तुकडा ठेवतो आणि एकेका चालकाला तो हलवायला सांगतो. माल उचलला की तुकडा पुढे, त्रिकोणाच्या रुंद भागाकडे सरकतो. माल उतरवला की तो मागे, काउंटरवेटकडे जातो, आणि तेथे त्रिकोण निमुळता असतो. दोन्ही बाजूंच्या रेषा हाताच्या अंतरावर येतात.

अशा स्थितीत चालकाने वेगात वळण घेतले, तर गुरुत्वमध्य बाहेर फेकला जातो आणि रेषा ओलांडायला त्याला फार अंतर कापावे लागत नाही. माल ठेवून झाला, आता परत जायचे, हात मोकळे, गाडी हलकी, म्हणून चालक वेग वाढवतो. नेमके तेव्हाच हे घडते. मास्ट (फोर्क वर-खाली नेणारा पुढचा उभा सांगाडा) वर उचललेला असेल तर गुरुत्वमध्य उंचही गेलेला असतो आणि मग फरशीतला छोटा खड्डा किंवा पडलेला लाकडी तुकडाही पुरतो. भरलेली फोर्कलिफ्ट पुढे कलंडते ती जास्त भारामुळे, तीव्र ब्रेकमुळे किंवा उंचावर मास्ट पुढे झुकवल्यामुळे. बाजूला उलटते ती वळणातल्या वेगामुळे. दोन्हीवर उपाय साधा आहे. फोर्क खाली आणि वळणाआधी वेग कमी.

उलटू लागली तर उडी मारावी का?

बसून चालवायच्या फोर्कलिफ्टवरून कदापि उडी मारू नये. माणूस सहजप्रवृत्तीने ज्या बाजूला यंत्र कलते त्याच बाजूला उडी मारतो, आणि डोक्यावरचे संरक्षक छत त्याच्याच अंगावर येते. सीट बेल्ट लावलेला असावा, स्टिअरिंग घट्ट धरावे, पाय रोवावेत आणि यंत्र ज्या बाजूला पडते आहे त्याच्या विरुद्ध बाजूला अंग झुकवून आतच राहावे. हात छताच्या खांबाबाहेर जाता कामा नयेत. उभे राहून चालवायच्या आणि मागून चढता येणाऱ्या काही यंत्रांवर मात्र मागे पाऊल टाकून बाहेर पडण्याची शिकवण असते. आपल्या यंत्राची पुस्तिका काय सांगते ते आजच पाहून ठेवावे, कारण त्या क्षणी विचाराला वेळ मिळत नाही.

येथे सीट बेल्टबद्दल कळकळीने सांगावेसे वाटते. अनेक गोदामांत बेल्ट सीटच्या मागे नेऊन कायमचा अडकवलेला दिसतो, कारण तो न लावल्यास यंत्र आवाज करते. काही नव्या यंत्रांवर तर बेल्टच्या बकलवरचे प्लास्टिकही निघालेले नसते. वारंवार चढउतार करावी लागते ही चालकाची अडचण खरी आहे. पण संरक्षक छत माणसाला वाचवते ते माणूस त्या छताखाली असला तरच, आणि त्याला तेथे धरून ठेवणारी दुसरी कोणतीही वस्तू यंत्रावर नाही.

चालताना फोर्क किती उंच ठेवावेत, आणि मालामुळे समोरचे दिसत नसेल तर काय करावे?

फोर्क जमिनीपासून १०० ते १५० मिमी वर, आणि मास्ट किंचित मागे झुकवलेला. माल वर ठेवून पुढे जाणे आणि जाता जाता उचलत राहणे, दोन्ही वर्ज्य. समोरचे दिसत नसेल तर उलट दिशेने, म्हणजे मागे पाहत, गाडी न्यावी. मान वळवून सतत मागे पाहणे त्रासदायक असते, म्हणून लांबच्या अंतरासाठी माल कमी उंचीचा रचावा. डोके बाजूला काढून मालाच्या कडेने डोकावत चालवणे ही सवय मोडावी, कारण रॅकच्या खांबाशी डोक्याची गाठ पडते.

फोर्कची लांबी मालाच्या खोलीच्या किमान दोन-तृतीयांश असावी. पण फार लांब फोर्कही नकोत. त्यांची टोके पलीकडे निघून मागच्या पॅलेटमधील खोके किंवा ड्रम फोडतात, आणि चालकाला ते दिसत नाही.

रॅम्पवर भरलेली गाडी कशी न्यावी?

माल नेहमी चढाच्या बाजूला. चढताना सरळ, उतरताना उलट. गाडी रिकामी असेल तर नेमके उलटे, फोर्क उताराच्या बाजूला. रॅम्पवर वळू नये आणि आडवे जाऊ नये.

ट्रक किंवा कंटेनरच्या आत फोर्कलिफ्ट नेताना काय पाहावे?

सर्वात आधी ट्रक जागचा हलणार नाही याची खात्री. हॅन्डब्रेक ओढलेला, चाकांखाली ठोकळे लावलेले, आणि शक्य असेल तेथे ट्रकची चावी डॉकच्या (माल चढवण्या-उतरवण्याच्या फलाटाच्या) सुपरवायझरकडे. हा शेवटचा नियम काही ट्रकचालकांना अपमानास्पद वाटतो, पण त्यामागे अविश्वास नसतो. दोन-तीन रात्री जागून आलेल्या चालकाला केबिनमध्ये झोप लागते, कोणीतरी दारावर थाप मारते, माल भरून झाला असे त्याला वाटते आणि तो गाडी काढतो. त्या वेळी फोर्कलिफ्टची पुढची चाके ट्रकमध्ये आणि मागची डॉकवर असू शकतात. शिवाय कोणी गाडी काढली नाही तरी फोर्कलिफ्ट आत जाऊन प्रत्येक वेळी ब्रेक लावते, तेव्हा ट्रक पुढे ढकलला जातो आणि डॉकची फट इंचाइंचाने वाढत जाते. ठोकळे त्यासाठी असतात.

डॉक लेव्हलर (डॉक आणि ट्रक यांमधली फट जोडणारा हलता पूल) किंवा लोखंडी पट्टा किती वजन पेलतो, हे त्यावर लिहिलेले असावे. अडीच टनी यंत्र पूर्ण भरलेले असेल तर या लेव्हलरवरून सहा टनांहून अधिक वजन जाते. तेवढेच वजन ट्रकच्या फळ्यांवरही येणार असते. जुन्या ट्रकच्या लाकडी तळात कुजलेली फळी असेल तर ती वरून दिसत नाही, म्हणून आत पायी फिरून पाहावे. कंटेनर तो ओढणाऱ्या ट्रकच्या पुढच्या इंजिनगाडीपासून सोडवलेला असेल तर पुढच्या टोकाला आधार दिल्याशिवाय आत शिरू नये.

माथाडी कामगार आणि ट्रकचालक त्याच जागेत वावरतात. त्यांना कसे सांभाळावे?

आपल्या गोदामांत सर्वाधिक विचार याच प्रश्नाचा व्हायला हवा. महाराष्ट्रात हमाली करणाऱ्या कामगारांसाठी १९६९ चा माथाडी कायदा आहे, आणि डॉकवर, ट्रकमध्ये, थप्पीपाशी ही माणसे फोर्कलिफ्टच्या अगदी अंगाला लागून काम करतात. त्यांच्या डोक्यावर किंवा पाठीवर ५० किलोचे पोते असते. पोते डोक्यावर असलेल्या माणसाला मान वळवता येत नाही आणि झटकन बाजूलाही होता येत नाही. हॉर्न वाजवला की तो हटेल, ही अपेक्षाच चुकीची आहे. थांबण्याची जबाबदारी बसलेल्या माणसाची, ओझे वाहणाऱ्याची नव्हे.

वेगाचा हिशेब प्रत्येक चालकाला तोंडपाठ असावा. ताशी १० किमी हा वेग बसलेल्याला संथ वाटतो, पण त्या वेगाने फोर्कलिफ्ट दर सेकंदाला सुमारे २.८ मीटर पुढे जाते. माणूस दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद गेला, तर ब्रेक लागण्याआधीच जवळपास तीन मीटर संपलेले असतात. रॅकच्या गल्लीतून बाहेर येणारा माणूस इतक्या अंतरावर दिसतच नाही. म्हणून गल्लीच्या तोंडाशी थांबणे, हॉर्न देणे आणि मग पुढे जाणे, हा क्रम दिवसातून दोनशे वेळा करावा लागला तरी दोनशे वेळा करावा.

रंगवलेले पट्टे, बहिर्गोल आरसे, फरशीवर पडणारा निळा दिवा, उलट जाताना वाजणारा इशारा, हे सगळे उपयोगी आहे, पण पट्टा माणसाला अडवत नाही. पायवाटेला लोखंडी कठडा करता आला तर तो करावा. त्याहूनही चांगले म्हणजे वेळ वेगळी करणे. ट्रकमध्ये माथाडी असतील तोवर फोर्कलिफ्ट आत जाणार नाही, आणि फोर्कलिफ्ट आत असेल तोवर माथाडी बाहेर थांबतील. यात काही मिनिटे जातात. टोळीच्या मुकादमाला आधी विश्वासात घेतले तर हा नियम टिकतो, आणि नुसता फलक लावला तर आठवडाभरात मोडतो, असा माझा अनुभव आहे. ट्रकचालक आणि क्लीनर यांच्यासाठी बसायची वेगळी जागा, पिण्याचे पाणी आणि पंखा द्यावा, म्हणजे ते सावलीसाठी डॉकवर येऊन बसत नाहीत.

उचललेल्या मालाखालून कोणीही जाऊ नये, मग माल रिकाम्या पॅलेटचा का असेना. मालाला हाताने धरून चालत येणारा हेल्पर दिसला तर गाडी थांबवावी. माल धरावा लागत असेल तर तो नीट रचलेला नाही. खाली ठेवून पुन्हा रचावा, गुंडाळावा आणि मग न्यावा.

उंचावरची वस्तू काढायला माणसाला पॅलेटवर उभे करून वर नेले तर? पाच मिनिटांचेच काम असते.

मी सुरक्षा विभागात नवा असताना एका गोदामात, ज्याचे नाव येथे देत नाही, तिसऱ्या कप्प्यावरचा एक खोका हवा होता. हेल्पर पॅलेटवर उभा राहिला, चालकाने त्याला वर नेले आणि मी खाली उभा राहून पाहत होतो. थांबवले नाही. त्याने खोका ओढला तेव्हा पॅलेटची एक फळी पायाखाली सरकली आणि तो खाली आला. त्याच्या दोन्ही टाचांची हाडे मोडली. तो वाचला, पण ओझे उचलण्याचे काम त्याला पुन्हा करता आले नाही. त्या दिवशी ‘थांबा’ एवढा एक शब्द मी बोलायला हवा होता.

फोर्क आणि पॅलेट माणसांसाठी नाहीत. उंचावर जायचे असेल तर शिडी, मचाण किंवा माणसांसाठीच बनवलेले उचल यंत्र वापरावे. उत्पादकाने परवानगी दिलेला, कठडा असलेला आणि मास्टला पक्का बांधलेला पिंजरा हा अपवादात्मक मार्ग आहे, आणि त्यातही चालकाने नियंत्रणावरून उठायचे नाही, गाडी जागेवरून हलवायची नाही. शेजारी बसवून किंवा मागे लटकवून माणूस नेणे हेही याच प्रकारातले.

शिफ्ट सुरू होण्यापूर्वी नेमके काय तपासावे?

दहा मिनिटे पुरतात, पण ती खरोखर यंत्राभोवती फिरून घालवावीत. खुर्चीत बसून तपासणी पत्रकावर ओळीने खुणा करणे म्हणजे तपासणी नव्हे. टायर, चाकांचे नट, ब्रेक, हॅन्डब्रेक, हॉर्न, दिवे, स्टिअरिंगची ढील, सीट बेल्ट आणि खाली तेलाचा डाग पडला आहे का, हे सर्वांना ठाऊक असते.

जे बहुधा राहून जाते ते फोर्कच्या टाचेचे. फोर्क जेथे काटकोनात वळतो तेथे सर्वाधिक ताण येतो, आणि फरशीवर घासून घासून तेथेच तो झिजतो. उभ्या भागाची जाडी कॅलिपरने मोजावी, मग टाचेजवळ आडव्या भागाची. मूळ ४० मिमी जाडीचा फोर्क ३६ मिमीवर आला, म्हणजे दहा टक्के झिजला, की तो बाद करावा, कारण त्याची ताकद झिजेच्या प्रमाणापेक्षा कितीतरी जास्त घटलेली असते. टाचेच्या आतल्या कोपऱ्यात बोट फिरवून मळ पुसावा आणि टॉर्चच्या तिरप्या उजेडात पाहावे. केसासारखी रेघ दिसली तरी यंत्र थांबवावे. फोर्कला वेल्डिंग करून घेणे हा उपाय नाही.

हायड्रॉलिकच्या नळीतून बारीक फवारा येत असेल तर तो हाताने चाचपू नये. दाबाखालचे तेल कातडीतून आत शिरते आणि जखम वरून टाचणीएवढी दिसली तरी आत हात निकामी होऊ शकतो. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून गळती शोधावी, आणि तेल टोचलेच तर ताबडतोब रुग्णालयात जावे. मास्टच्या साखळ्यांजवळ किंवा मधल्या फटीत यंत्र चालू असताना हात घालू नये.

रोजच्या तपासणीखेरीज वर्षातून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून सखोल तपासणी करून घ्यावी. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २९ ने उचल यंत्रांना बारा महिन्यांची हीच शिस्त घालून दिली, आणि गोदामाला कारखान्याचे नियम लागू होतात की नाही या वादात न पडता फोर्कलिफ्टलाही ती लावावी.

बॅटरी चार्ज करताना कोणती काळजी घ्यावी?

शिसे-आम्लाच्या बॅटरीतून चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन बाहेर पडतो. हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले की एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो. म्हणून चार्जिंगची जागा हवेशीर असावी, तेथे विडी-सिगारेट, वेल्डिंग काही नको, आणि बॅटरीवरचे झाकण उघडे ठेवावे. हातातले कडे, अंगठी, गळ्यातली साखळी काढून ठेवावी. दोन टोकांना धातू एकदम लागला तर तो क्षणात तापून लाल होतो. चार्जर बंद केल्यावरच प्लग काढावा. डिस्टिल्ड वॉटर शक्यतो चार्जिंग संपल्यावर घालावे, आधी घातले तर उकळी येऊन आम्ल बाहेर सांडते. डोळ्यात आम्ल उडाले तर किमान १५ मिनिटे वाहत्या पाण्याने धुवत राहावे आणि लगेच डॉक्टरकडे न्यावे. डोळे धुण्याचे पाणी चार्जिंगच्या जागेपासून काही पावलांवर हवे, ऑफिसमागच्या नळावर नव्हे.

लिथियम बॅटरीत पाणी घालावे लागत नाही आणि तिच्यातून चार्जिंगला गॅस निघत नाही, पण एक गोष्ट लक्षात ठेवावी. शिशाची बॅटरी शेकडो किलोंची असते आणि तिचे वजन काउंटरवेटचाच भाग असते. उत्पादकाला न विचारता तेथे हलकी बॅटरी बसवली, तर यंत्राचा तोलच बदलतो.

डिझेलची फोर्कलिफ्ट गोदामाच्या आत चालवावी का?

माझे मत विचाराल तर बंदिस्त गोदामात चालवू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेल इंजिनाच्या धुराला माणसात निश्चितपणे कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या गटात घातले. एलपीजीवरचे यंत्र धूर काढताना दिसत नाही, पण त्यातूनही कार्बन मोनॉक्साइड निघतो आणि त्याला वास नसतो. दुपारनंतर कामगारांचे डोके दुखू लागले, मळमळू लागले, तर ‘उन्हाचा त्रास’ म्हणून सोडून न देता आधी यंत्र बंद करून दारे उघडावीत.

पावसाळ्यात वेगळे काय करावे?

जून ते सप्टेंबर डॉकच्या तोंडाशी फरशी कोरडी राहत नाही. चाकांबरोबर पाणी आणि चिखल आत येतो, आणि त्यावर फाटलेल्या स्ट्रेच रॅपचा तुकडा पडला तर चाक त्यावरून बर्फावरून जावे तसे जाते. दाराशी पायपुसण्यासारखी खरखरीत पट्टी टाकावी, डॉकवर एक माणूस फरशी पुसायला कायम ठेवावा आणि लोखंडी रॅम्पवरून जाताना वेग चालण्याइतकाच ठेवावा. उघड्या आवारातून येणाऱ्या चालकाचे डोळे आतल्या अंधाराला सरावायला काही सेकंद लागतात. दारात क्षणभर थांबूनच आत यावे.

रॅकला थोडासा धक्का लागला. सांगितले तर पगारातून कापतील. काय करावे?

सांगावेच. रॅकचा खांब पातळ पत्र्याचा असतो आणि तो वजन पेलतो ते सरळ उभा असल्यामुळे. पोचा आला की ताकद एकदम घटते, आणि वर कित्येक टन माल असतो. आज पडला नाही म्हणून उद्या, दुसऱ्या शिफ्टमध्ये, तो पडणारच नाही असे नाही. त्या कप्प्यांतला माल उतरवून जागा बंद करावी आणि जाणकाराला दाखवावी.

मालकांना मात्र एवढीच विनंती की सांगणाऱ्याच्या पगारातून पैसे कापू नयेत. कापायला लागलात की धक्के लागायचे थांबत नाहीत, सांगायचे थांबते. नंतर गोदामात फिरताना खांबावर ताजा रंग उडालेला दिसतो आणि कोणालाच काही ठाऊक नसते.

सुपरवायझर घाई करतात. नियमाबाहेरचे काम करायला नकार देता येतो का?

देता यावा, आणि तशी लेखी तरतूद गोदामाच्या नियमांत असावी. महिनाअखेरीचे डिस्पॅच आणि दिवाळीच्या आधीचे आठवडे या काळात एकेक चालक सलग दोन शिफ्ट करतो. झोप झाली नसेल तर कितीही जुना चालक अंतर चुकतो. अशा वेळी वाढीव चालक आणायचा की जोखीम घ्यायची, हा निर्णय चालकाचा नसतो, व्यवस्थापनाचा असतो, आणि अपघात झाल्यावर ‘चालकाची चूक’ एवढे लिहून तो मिटवता येत नाही. ठेकेदारामार्फत आलेल्या चालकालाही हेच लागू आहे. तो कोणाच्या पगारपत्रकावर आहे यावर त्याचे प्रशिक्षण अवलंबून नसावे.

नकार देताना चालकाने शांतपणे कारण सांगावे: प्लेटवर १५०० किलो आहे, माल १९०० किलोचा आहे, तो दोन फेऱ्यांत नेतो. बहुतेक वेळा एवढे पुरते.

दोन मिनिटांसाठी उतरायचे असेल तर इंजिन चालू ठेवले तर चालेल का?

उतरायचे म्हणजे उतरण्याची सगळी रीत पाळायची, दोन मिनिटे असोत की शिफ्टचा शेवट. सपाट जागा निवडावी, जी दाराच्या, पायवाटेच्या किंवा अग्निशामकाच्या आड येणार नाही. फोर्क पूर्ण खाली टेकवावेत आणि मास्ट किंचित पुढे झुकवावा, म्हणजे टोके जमिनीला लागतात आणि कोणी अडखळत नाही. गिअर न्यूट्रल, हॅन्डब्रेक ओढलेला, इंजिन बंद. मग तोंड यंत्राकडे ठेवून, खांबाला धरून उतरावे, उडी मारू नये. चावी काढून स्वतःजवळ ठेवावी, आणि शिफ्ट संपली असेल तर यंत्रात जे काही वेगळे जाणवले ते पुढच्या चालकाला तोंडी सांगून, वहीत लिहून, मगच चावी त्याच्या हातात द्यावी.